पारसनीसबाई जमिनीवरून उठतात

माणसाचं स्वातंत्र्य त्याच्या मांड्यांत असतं.

हे वाक्य मी माझ्या निवृत्तीच्या सत्कारात उच्चारलं होतं. सभागृहात टाळ्या झाल्या, पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ते पाकिटाच्या पाठीवर लिहूनही घेतलं. मी जागेवर येऊन बसले. व्यासपीठावर पाहुण्यांसाठी मंडपवाल्याकडचा सोफा होता. बसलं की माणूस स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा खाली जातो, तसला. माझ्या एका हातात नारळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ, खांद्यावरून सारखी घसरणारी शाल. फोटोसाठी उभं राहा म्हणाले, तर मला उठताच येईना. शेवटी सूत्रसंचालकाने कोपराला धरून मला वर काढलं. फोटोत आम्ही दोघंही हसतो आहोत.

मी फिजिओथेरपिस्ट. बडोद्यातल्या एका इस्पितळात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर लोकांच्या घरी जाऊन पेशंट पाहते. या कामाचं नाव लोकांच्या जिभेवर कधी बसलं नाही. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत, म्हणजे पोळांमध्ये, मी ‘कसरतवाळां बेन’, मराठी घरांत ‘त्या व्यायामाच्या बाई’. एका निवृत्त अधिकाऱ्यांची माझ्याबद्दल मालिशवाली अशी समजूत होती आणि मी पोचायच्या वेळेला ते तेलाची वाटी गरम करून ठेवत. मी तेल वाया जाऊ दिलं नाही. त्यांच्या बाथरूमच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला लावलं. बिजागरीत सुधारणा झाली.

माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका साठीच्या पुढच्या, हाडं ठिसूळ झालेल्या. हाडं ठिसूळ होतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याची तपासणी निघाली आणि तपासणीत आकडा येतो. आकडा आला की माणसाला आजाराविषयी आदर वाटू लागतो. बायका मला आपला आकडा मुलाच्या बारावीच्या टक्क्यांसारखा सांगतात. फरक इतकाच की तो वजा असतो.

स्नायूंना असं भाग्य नाही. ते गुपचूप जातात, चाळिशीनंतर थोडे थोडे आणि साठीनंतर घाईने. वजनकाट्याला पत्ता लागत नाही, कारण गेलेल्या स्नायूच्या जागी चरबी येऊन बसते आणि काटा जिथल्या तिथे राहतो. आधी बरणीचं झाकण उघडेनासं होतं. मग जिन्याला कठडा लागतो. मग खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. दर वेळी बाई म्हणते ‘वय झालं’, घरचेही म्हणतात ‘वय झालं’, आणि सर्वांचं एकमत असल्यामुळे कोणी तपासत नाही. वास्तविक हाड आपण होऊन मोडतं असं क्वचितच होतं. बाई पडते, मग हाड मोडतं. तोल गेला की सावरायचं काम स्नायूचं. शिवाय स्नायू हाडाला ओढत राहतो म्हणून आपण अजून कामाचे आहोत असं हाडाला कळत राहतं. ओढणंच बंद झालं की हाडही आवरतं घेतं.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. शहरातल्या वाडी भागातल्या एका बाईंनी शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या माझ्याकडे आल्या, मणक्याचं एक हाड दबलेलं. मी त्यांना सांगितलं, “जपा. वाकू नका, उचलू नका, भरलेला तांब्यासुद्धा नको.” कमरेतून वाकू नका, हे बरोबर होतं. बाकीचं त्या काळी आम्ही सगळेच सांगत असू. त्यांची सून फार चांगली. तिने सासूला पाणी प्यायलाही उठू दिलं नाही. वाडीत सुनेचं नाव झालं, आणि ते करण्यात मीही होते. मी इतर पेशंटांना तिचं उदाहरण देत असे. आठ वर्षांनी मी त्यांना पुन्हा पाहिलं. हाड एकही मोडलं नव्हतं. त्यांना अंथरुणात कुशीवर वळता येत नव्हतं. माझ्याकडे बघून त्या समाधानाने म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत तस्संच जपलं हं.”

हे वाक्य मी कुठल्या सत्कारात सांगितलेलं नाही.

आता पारसनीसबाई. त्यांनी मला आठवीत भूगोल शिकवला आणि नापास केलं. दोन्ही कामं मन लावून केली. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. घडियाळी पोळेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, नवऱ्याने आणि त्यांनी दोघांच्या पगारातून घेतलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा श्रीरंग शहराच्या नव्या भागात, वासण्याला, सातव्या मजल्यावर राहतो. तो चांगला मुलगा आहे. अडचण तीच होती.

दोन वर्षांपूर्वी बाई पायपुसण्याला अडखळल्या आणि मनगट मोडलं. त्या निमित्ताने डॉक्टरांनी सगळं तपासलं, तर पाठीतलं एक हाडही न सांगता दबून गेलेलं निघालं. औषध सुरू झालं आणि मला बोलावणं आलं. मी गेले तेव्हा बाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. बडोद्यात झोपाळा हे फर्निचर नसून पत्ता असतो. घरातलं मोठं माणूस तिथे सापडतं.

“ये, खानविलकर,” त्या म्हणाल्या. माझं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, पण बाईंच्या हजेरीपटात फेरफार होत नाही. “नाईल नदीचा उगम कुठे?”

“बाई, मी मनगट बघायला आले आहे.”

“म्हणजे अजून माहीत नाही.”

मी मनगट पाहिलं, पाठ पाहिली, मग म्हटलं, “बाई, हात न टेकता उठून दाखवा.” ही आमची सगळ्यात साधी परीक्षा. तिला यंत्र लागत नाही. बाईंनी जमिनीला पायाने हलकेच रेटा दिला, झोपाळा मागे गेला, पुढे आला, आणि त्या पदर सावरत उभ्या होत्या. मी कागदावर लिहिलं, ‘बसून उठणे: उत्तम.’ मनगटाचे आणि पाठीचे व्यायाम शिकवले, रोज चाला म्हणून सांगितलं आणि घरी आले.

गेल्या वर्षी श्रावणात सकाळी बाई स्वयंपाकघरात पडल्या. पडल्या म्हणणंही जास्त होईल. चक्कर आल्यासारखं झालं म्हणून ओट्याला धरून हळूच खाली बसल्या. काही मोडलं नाही, खरचटलंसुद्धा नाही. फक्त उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत, दाराला आतून कडी. समोरच्या घरातल्या हंसाबेनना साडेदहा वाजता दिसलं की दाराच्या बाहेरच्या कडीला दुधाची पिशवी अजून लटकते आहे. त्यांनी हाका मारल्या, मग नवऱ्याला बोलावून आतली कडी उचकटवली. तोवर बाई दोन तास जमिनीवर होत्या.

मी पोचले तेव्हा श्रीरंग आधीच आला होता.

“मावशी, तुम्हीच सांगा हिला,” तो मला म्हणाला. “सामान भरायलासुद्धा आम्ही येऊ. हिने फक्त गाडीत बसायचं.”

“मला काही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“आई, दोन तास!”

“ओट्याखाली किती धूळ साठते ते कळलं. एरवी तिथे कोण बघतं?”

“उद्या हाड मोडलं तर?”

“तर तू म्हणशील तिथे येईन. आज मोडलेलं नाही.”

“पण तुला उठता येत नाही!” श्रीरंगचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “मी ऑफिसात बसून रोज हाच विचार करायचा का, की आई आत्ता जमिनीवर असेल?”

बाईंनी हाताच्या शिरांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, “ठीक. परीक्षा घे. अट काय ती सांग.”

अट ठरली. दिवाळीच्या पाडव्याला बाईंनी जमिनीवर आडवं होऊन एकटीने उठून उभं राहायचं. स्टूल धरलं तर चालेल, माणूस धरायचा नाही. जमलं तर श्रीरंग वासण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर पाडव्याला बाई त्याच्या गाडीत बसतील आणि कुरकुर करणार नाहीत. बाईंनी त्याच्याकडून हे कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि त्याचं एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. जाण्याआधी श्रीरंगने स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर मसोतं वाळत घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना झोपाळ्यावर न बसवता बिनहातांच्या लाकडी खुर्चीवर बसवलं. “हात छातीशी घ्या आणि उठा.”

बाई उठल्या नाहीत. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा बोटभर उचलल्या गेल्या आणि धपकन खाली बसल्या. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघावं तशा त्या स्वतःच्या मांड्यांकडे बघत होत्या.

“पण मी रोज उठते,” त्या म्हणाल्या. मी हात दिल्यावर त्या झोपाळ्यापाशी गेल्या, बसल्या, पायाने रेटा दिला, झोपाळा मागे गेला, पुढे आला आणि त्या उभ्या राहिल्या. “हे बघ.”

मी बघितलं. या वेळी पायांकडे बघितलं. पुढे येणारा झोपाळा त्यांना अलगद उचलून उभं करत होता. पाट उंच, त्यात ती चाल. मांड्यांना काही करावंच लागत नव्हतं. जन्म बडोद्यात गेलेली, शेकडो झोपाळ्यांवर बसून चहा प्यालेली मी, आणि मी त्या पाटाचे मार्क बाईंना दिले होते. मग बाकीचं घरही दिसू लागलं. संडासात श्रीरंगने प्रेमाने बसवलेली दांडी. हाडांसाठी म्हणून घेतलेला उंच पलंग. जेवणाचं टेबल, ज्यावर दोन्ही तळवे टेकता येतात. त्या घरात बाईंना स्वतःच्या पायांवर उठावं लागेल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे स्वयंपाकघरातली फरशी.

मी जुना कागद काढून ‘उत्तम’ खोडलं.

“काय खोडलंस?”

“माझं उत्तर, बाई. चुकलं होतं.”

“किती मार्कांचा प्रश्न होता?”

“बऱ्याच.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. नापास करताना त्या पूर्वीही रागावत नसत.

दोन दिवसांनी मी गेले तर खोलीच्या मध्ये फक्त चार कड्या लोंबत होत्या. पाट उतरवून भिंतीला उभा केलेला. हंसाबेनच्या नवऱ्याने तो उतरवून दिला होता, आणि हंसाबेन दारात घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या, कारण आमच्याकडे झोपाळा निघतो तो घर विकून जातानाच.

“बा, मकान वेची दीधुं के शुं?”

“ना रे, हंसाबेन,” बाई म्हणाल्या. “चोर पकड्यो छे.”

मग काम सुरू झालं. युक्ती सोपी आहे. ज्या उंचीवरून माणसाला जेमतेम उठता येतं तिथून सुरुवात करायची आणि उंची हळूहळू कमी करत जायची. बाईंच्या यजमानांना जुन्या पुस्तकांचा नाद होता. त्यांनी रद्दीवाल्याकडून संस्थानकाळच्या कारभाराचे सहा जाडजूड अहवाल आणून ठेवले होते, कातडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे. ते आजवर कोणी वाचले नव्हते. यजमानांनीही नाही, असं बाईंचं मत. आम्ही खुर्ची भिंतीला टेकवली, सहाही खंड तिच्यावर रचून सुतळीने घट्ट बांधले आणि वर सतरंजीची घडी घातली. बाई त्या कारभारावर बसल्या आणि पहिल्या दिवशी पाच वेळा उठल्या.

आठवड्यातून तीनदा मी जात असे. पाठ सरळ, वाकायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून. उठताना एक म्हणायचं आणि बसताना चार मोजायचे, कारण हळू बसण्यातच मांडीची खरी मेहनत असते. दहा-बारा दिवसांनी एक खंड काढायचा. तो मान बाईंचा.

“हा महसूल,” पहिला काढताना त्या म्हणाल्या. “याच्यावाचून चालेल.”

दुसऱ्या वेळी न्यायखातं गेलं. तिसऱ्या वेळी माझा हात आरोग्यखात्यावर गेला तर म्हणाल्या, “ते राहू दे. शेवटी काढू. बांधकामखातं काढ.” पुढे पुढे हातात एक किलो हरभऱ्याची डाळ धरून उठायला लावलं, मग दोन किलो. संस्थानाच्या कारभारावर त्याआधी कोणाचा इतका भार पडला असेल असं वाटत नाही.

जेवणावरून मात्र वाद झाला. सकाळी चहा-खारी, दुपारी एक पोळी आणि भाजी, रात्री पातळ खिचडी, असा त्यांचा आहार होता. एकट्या बाईचं जेवण असंच आटत जातं. एकटीसाठी कुकर कोण लावणार?

“बाई, डाळ?”

“आमटीत असते की.”

“तुमच्या आमटीत ती शोधावी लागते. स्नायू काय खाऊन वाढणार?”

“ढोकळा बेसनाचाच असतो ना?”

“आठवड्यातून एकदा, दोन तुकडे. दही, मूग, पनीर, शेंगदाणे रोज पाहिजेत. आणि अंडं चालत असेल तर—”

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अंडं चालतं. हंसाबेनला सांगू नकोस.” हंसाबेनच्या घरात कांदासुद्धा येत नाही. पुढल्या आठवड्यात हंसाबेननी मला जिन्यात गाठून सांगितलं, “बेन, बाने कहेजो के छोतरां छापामां वीटीने नाखे. अमने कंई वांधो नथी.” टरफलं कागदात गुंडाळून टाका म्हणावं, आमची हरकत नाही. हा निरोप मी पोचवला नाही. दोन्ही घरांची अब्रू माझ्याकडे सुरक्षित राहिली.

दसऱ्यापर्यंत दोन खंड उरले. बाई जिना दोरीला न धरता उतरू लागल्या. मला वाटलं, आता जमिनीवर जाऊन बघू. मी त्यांना शिकवलं होतं तशा त्या स्टुलाला धरून एका गुडघ्यावर, मग दोन्ही गुडघ्यांवर, मग कुशीवर गेल्या. आडव्या झाल्या. तिथून कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या, रांगण्याच्या अवस्थेत आल्या. आता एक पाय पुढे घ्यायचा आणि उठायचं. पाय पुढे आला. मांडी थरथरली. बाई पुन्हा गुडघ्यावर. पुन्हा पाय पुढे, पुन्हा थरथर. चौथ्या वेळी त्या आपण होऊन फरशीवर बसल्या आणि भिंतीकडे बघू लागल्या.

मी त्यांना धरून उठवलं. पलंगावर बसवलं. त्यांनी नाईलसुद्धा विचारली नाही.

पाडव्याला तीन आठवड्यांहून कमी दिवस होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ज्या आवाजात आम्ही वाईट बातमी सांगतो त्या आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही पुष्कळ केलंत. वासणा काही वाईट नाही. श्रीरंग जीव लावतो. आता जरा जपून—”

तो शब्द तोंडातून निघाला आणि माझ्याच कानाला लागला. वाडीतल्या बाईंचं समाधानी तोंड मला तिथे स्पष्ट दिसलं. मी थांबले.

बाई माझ्याकडे बघत होत्या. “खानविलकर, आठवीत नापास झाल्यावर मी तुला काय सांगितलं होतं?”

“फेरपरीक्षेला बस म्हणून.”

“तुझी आई म्हणाली होती, पोरीला झेपत नाही, भूगोल सोडवा. सोडवला का मी?”

“नाही.”

“मग मला काय शिकवतेस? काय झालं नाही ते सांग. उगीच वासण्याचं कौतुक नको.”

मी विचार केला. खाली जाणं जमलं होतं. वळणं, रांगणं जमलं होतं. फक्त शेवटची एक वीत उरली होती, गुडघ्यावरून पायावर यायची. उरलेले दिवस आम्ही तेवढीच वीत घेतली. खुर्चीवर शेवटचे दोन खंड तसेच ठेवून, जमिनीवर गाद्या रचून त्यांच्यावर एक गुडघा टेकवायचा आणि तिथून उठायचं. गादी तीनवरून दोन, दोनवरून एक. बाई आता रोज करायचं म्हणू लागल्या. मला त्यांना एक दिवसाआड थांबवावं लागलं, कारण स्नायू वाढतो तो विश्रांतीच्या दिवशी. हे त्यांना पटलं नाही. त्यांच्या मते सुट्टीत कोणी काही शिकत नाही. धनत्रयोदशीला त्यांनी उरलेले दोन्ही खंड, शेवटी आरोग्यखातं, आपल्या हाताने काढून कपाटात ठेवले. त्या दिवशी फरशीवरूनही एकदा उठल्या. एकदाच. दुसऱ्या प्रयत्नाला नाही.

पाडव्याला सकाळी दहा वाजता श्रीरंग आला. गाडीची मागची सीट त्याने रिकामी ठेवली होती, हे मी येताना पाहिलं होतं. हंसाबेन नवऱ्याला घेऊन आल्या. पोळेतल्या आणखी चार बायका साल मुबारक करायच्या निमित्ताने आल्या आणि बसून राहिल्या. श्रीरंगने व्यायामाची मऊ चटई आणली होती.

“ती गुंडाळून ठेव,” बाई म्हणाल्या. “मी पडले ते चटईवर नाही.” आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

त्यांनी पदर खोचला, स्टूल ओट्यापाशी ठेवलं, खाली गेल्या आणि ओट्याच्या कडेला, तिथेच, पाठीवर आडव्या झाल्या. आम्ही सगळे दारात दाटीवाटीने उभे. स्वयंपाकघरात कुकरचा वास दरवळत होता.

कुशीवर वळल्या. कोपरावर. रांगत. त्यांनी एक हात स्टुलावर ठेवला आणि उजवा पाय पुढे आणला. पाय फरशीवर टेकला. गुडघा थरथरू लागला. श्रीरंगचा हात पुढे झाला.

“हात मागे,” बाई म्हणाल्या. मान वर न करता.

हात मागे गेला. थरथर चालूच होती. मी छत्तीस वर्षं माणसांना उठताना पाहिलं आहे आणि ती उठणार की बसणार हे मला अर्धा क्षण आधी कळतं. या वेळी कळलं नाही. बाईंनी श्वास घेतला, तोंडाने सोडला, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणलं, जसं मी शंभरदा सांगितलं होतं तसं. टाच दाबली. स्टूल फरशीवर किंचित सरकलं. आणि त्या हळूहळू, वीतभर, दोन वीत, वर आल्या. उभ्या राहिल्या. खोचलेला पदर सोडून सारखा केला.

“जय हो, बा!” हंसाबेन ओरडल्या. श्रीरंगने डोळे पुसले. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि ते मोठं असणार हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. “आई, आज तू...”

“बाजूला हो, कुकर उतरवायचा आहे,” बाई म्हणाल्या.

श्रीरंगने शब्द पाळला. वासण्याचा विषय पुन्हा काढला नाही. दर रविवारी येऊन जेवत होता आणि मसोतं दिसलं तरी काही बोलत नव्हता. मीही महिन्यातून एकदा जात होते. बाई बिनखंडाच्या खुर्चीवरून दहा वेळा उठून दाखवत आणि मला एखादी नदी विचारत.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. “खानविलकर, मी वासण्याला राहायला आले आहे.”

“बाई, पडलात का?”

“पडायला काय झालं? पोळेत उकाडा फार होतो. श्रीरंगकडे एसी आहे.”

“म्हणजे उन्हाळ्यापुरत्या?”

“तसंच ठरवून आले. बघू.”

पाऊस सुरू होऊन तो संपतही आला, बाई अजून वासण्यालाच आहेत. कसरत आठवड्यातून तीनदा चालते, अंडं आता उघडपणे. परवा मी भेटायला गेले तेव्हा म्हटलं, आता सातव्या मजल्यावर राहता, तर रोज निदान दोन मजले तरी जिन्याने चढता ना?

“लिफ्ट आहे,” बाई म्हणाल्या.

इमारतीतला जिना कुठल्या बाजूला आहे, हे त्यांना माहीत नाही.